धमकी परदेशात, पत्ता गावाकडचा

2025 च्या जानेवारीत क्षमा सावंत यांना भारतात यायचं होतं. बंगळुरूत त्यांची ब्याऐंशी वर्षांची आई आजारी होती. सावंत पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या, आता अमेरिकेच्या नागरिक, आणि दहा वर्षं सिअ‍ॅटलच्या नगर परिषदेच्या सदस्य. 2024 मध्ये त्यांचे ई-व्हिसाचे अर्ज फेटाळले गेले होते. जानेवारीत त्यांनी आणि त्यांच्या नवऱ्याने तातडीच्या व्हिसासाठी अर्ज केला. नवऱ्याला व्हिसा मिळाला, त्यांना मिळाला नाही. फेब्रुवारीत सिअ‍ॅटलच्या भारतीय वाणिज्य दूतावासात जाऊन त्यांनी कारण विचारलं. तुमचं नाव नकाराच्या यादीत आहे, एवढंच उत्तर मिळालं, असं त्या सांगतात.

या बाईंनी केलं काय होतं? फेब्रुवारी 2020 मध्ये सिअ‍ॅटलच्या परिषदेत नागरिकत्व दुरुस्ती कायदा आणि एनआरसी यांच्या विरोधातला ठराव त्यांनी आणला आणि मंजूर करून घेतला. 21 फेब्रुवारी 2023 रोजी त्याच परिषदेत जातीवरून होणाऱ्या भेदभावाला बंदी घालणारा कायदा त्यांनी सहा विरुद्ध एक मतांनी संमत करून घेतला. असा कायदा करणारं सिअ‍ॅटल हे अमेरिकेतलं पहिलं शहर. या दोन गोष्टींमुळे व्हिसा नाकारला, असं कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही. ते लिहावं लागत नाही, हेच अशा यादीचं बळ आहे. ज्याचं नाव यादीत आहे तो आयुष्यभर कारण शोधत बसतो, आणि ज्याचं नाव अजून यादीत नाही तो आपण होऊन बोलणं कमी करतो.

मला चिंता आहे ती या दुसऱ्या माणसाची. तो माणूस म्हणजे बहुतेक वेळा आपल्यापैकीच कोणीतरी असतो: घरातला पहिला पदवीधर, शिष्यवृत्तीवर परदेशी गेलेला किंवा जायच्या तयारीत असलेला. सावंत स्वतः सवर्ण कुटुंबातल्या, निवडून आलेल्या, पत्रकारांना बोलावू शकणाऱ्या. त्यांची ही गत होते तर ज्याच्या मागे गाव नाही, वकील नाही, पक्ष नाही, त्याने काय समजायचं?

एखाद्या देशाची सत्ता आपल्या सीमेबाहेर राहणाऱ्या माणसाला गप्प करण्यासाठी जे जे करते त्याला आता जगभर एक नाव पडलं आहे. मराठीत त्याला सीमापार दडपशाही म्हणू. खून हा त्याचा सगळ्यात उघड प्रकार. ऑक्टोबर 2018 मध्ये इस्तंबूलच्या सौदी वाणिज्य दूतावासात पत्रकार जमाल खाशोगी यांना मारलं गेलं. जून 2023 मध्ये कॅनडातल्या सरे शहरात हरदीपसिंग निज्जर यांचा खून झाला, आणि त्यात भारताच्या हस्तकांचा हात असल्याचा आरोप कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत केला. भारताने तो साफ नाकारला. पण बहुतेक वेळा रक्त सांडावं लागत नाही. पासपोर्टचं नूतनीकरण अडवणं, व्हिसा नाकारणं, फोनमध्ये हेरगिरीचं सॉफ्टवेअर घुसवणं, इंटरनेटवर झुंडी सोडणं, आणि घरी राहिलेल्या आई-बापाच्या दारात कोणालातरी पाठवणं, यांवरही काम भागतं.

यावर काही सरकारांनी हालचाल केली आहे. कॅनडाने जून 2024 मध्ये परकीय हस्तक्षेपाविरुद्धचा कायदा केला. परकीय सत्तेच्या सांगण्यावरून किंवा तिच्यासाठी कोणाला धाकदपटशा करणं हा त्यात वेगळा गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. ब्रिटनने 2023 च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्यात परकीय हस्तक्षेप हा गुन्हा घातला, त्याला चौदा वर्षांपर्यंत कैद आहे. परकीय सत्तेसाठी राजकीय काम करणाऱ्यांनी नोंदणी करावी, अशी योजना तिथे 1 जुलै 2025 पासून सुरू झाली. त्याच महिन्याच्या अखेरीस ब्रिटिश संसदेच्या मानवी हक्क समितीने अहवाल दिला. ब्रिटनमधल्या रहिवाशांवर अशी दडपशाही केल्याचा पुरावा ज्या देशांबद्दल समितीपुढे आला त्यांची नावं त्यात आहेत. चीन, रशिया, इराण यांच्याबरोबर पाकिस्तान आहे, सौदी अरेबिया आहे, तुर्कस्तान आहे आणि भारतही आहे. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने हे निराधार म्हणून फेटाळलं.

हे कायदे वाचताना एक गोष्ट खटकते. त्यांच्या डोळ्यांपुढे हेर आहे, मारेकरी आहे, पाकिटातून पैसे पोचवणारा दलाल आहे. धमकी त्यांच्याच भूमीवर, त्यांच्याच रस्त्यावर दिली जाईल, हे चित्र मला त्यांत जास्त ठळक वाटतं. आपल्या लोकांना धमकी कुठे मिळते? कॅलिफोर्नियातला दलित अभियंता तक्रार करायच्या आधी आपल्या कार्यालयातल्या साहेबाचा विचार करतो, त्याहून जास्त विचार गावाकडच्या घराचा करतो. धाकटी बहीण कॉलेजला ज्या बसने जाते तिचा, बापाच्या रोजगाराचा, वस्तीच्या पाण्याचा. त्याचं शरीर सुरक्षित देशात असतं आणि त्याचं मर्मस्थान दुसऱ्या देशात असतं.

हे ओळखणारा एक निकाल अमेरिकेत झालेला आहे. आपल्याकडे त्याची चर्चा फारशी झाली नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. 2020 च्या जूनमध्ये कॅलिफोर्निया सरकारच्या न्याय्य रोजगार आणि गृहनिर्माण विभागाने सिस्को कंपनीवर दावा लावला. एका दलित अभियंत्याला त्याच्या सवर्ण वरिष्ठांनी जातीवरून डावललं, असा आरोप होता. कंपनीने तो नाकारला. त्या दोन वरिष्ठांविरुद्धचा दावा विभागाने 2023 मध्ये मागे घेतला, कंपनीविरुद्धचा चालू ठेवला. मला सांगायचं आहे ते मधल्या एका टप्प्याबद्दल. तक्रारदाराचं नाव उघड करू नये, अशी विनंती विभागाने केली होती. नाव फुटलं तर त्याची जात सगळ्यांना कळेल आणि भारतातल्या त्याच्या घरच्यांना त्रास होईल, हे त्यामागचं कारण. खालच्या कोर्टाने म्हटलं की परदेशातल्या नातेवाइकांना काय होईल याचा विचार इथे करता येत नाही. प्रकरण वरच्या कोर्टात गेलं. ऑगस्ट 2022 मध्ये अपील कोर्टाने खालच्या कोर्टाची ही समजूत चुकीची ठरवली. तक्रारदाराच्या घरच्यांना होऊ शकणारी इजा, ते घर राज्याबाहेर असो की देशाबाहेर, विचारात घ्यावीच लागेल, असं सांगून अर्ज फेरविचारासाठी परत पाठवला.

हेर आणि मारेकरी नसलेल्या एका साध्या नोकरीच्या दाव्यातून हे तत्त्व निघालं आहे, आणि ते जातीच्या प्रश्नाने काढून दिलं आहे. माणूस इकडे आणि त्याची भीती तिकडे असू शकते, हे ज्यांनी गावकुसाबाहेरचं जगणं पाहिलेलं नाही त्यांना समजायला न्यायालयात जावं लागलं.

आपल्या देशाच्या कायद्याला मात्र हे आधीपासून ठाऊक आहे. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात 2015 साली दुरुस्ती झाली आणि ती 26 जानेवारी 2016 पासून लागू आहे. तिने कलम 15-अ आणलं. पीडित, त्याच्यावर अवलंबून असलेले घरचे लोक आणि साक्षीदार, या तिघांनाही धाक, दबाव, आमिष, हिंसा आणि धमकी यांपासून वाचवणं हे राज्याचं कर्तव्य आणि जबाबदारी आहे, असं ते कलम स्पष्ट सांगतं. घरचे लोक त्या वाक्यात कोणाच्या दयेने आलेले नाहीत. केस मागे घ्यायला लावायची असेल तर गावातली माणसं कोर्टात जात नाहीत, ती चुलीपर्यंत येतात, हा शेकडो खटल्यांचा अनुभव त्यामागे आहे. त्या कलमाची अंमलबजावणी कशी होते ते तुम्हा-आम्हाला माहीत आहे. पण कागदावर तरी ते ओटावा आणि लंडनच्या कायद्यांच्या पुढे आहे. सीमापार दडपशाही कशी ओळखायची हे ज्या सरकारांना शिकायचं आहे त्यांनी गुप्तचर खात्यांचे अहवाल वाचावेत, आणि त्याबरोबर हे कलमही वाचावं.

मी हे जयपूरच्या वैशाली नगरात बसून लिहिते आहे. नोकरीमुळे मी विदर्भातून इथे आले. आम्रपाली सर्कलच्या आसपास परदेशी शिक्षणाची दुकानं दाटीने आहेत: इंग्रजीच्या परीक्षेचे क्लास, व्हिसाचे सल्लागार, कर्ज मिळवून देणारे. त्यांच्या पाट्यांवरची मुलं नेहमी हसत असतात. आमच्या ओळखीतली बैरवा, रैगर, मेघवाल घरांतली मुलं रविवारी फॉर्म भरायला माझ्याकडे येतात, कारण सल्लागाराची फी त्यांना परवडत नाही. राजस्थान सरकारची परदेशी शिक्षणाची एक योजना आहे, आधी राजीव गांधींच्या नावाने होती, आता स्वामी विवेकानंदांच्या नावाने आहे. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. मार्क, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, हे सगळं ही मुलं नीट जमवून आणतात.

त्यांचे खरे प्रश्न फॉर्म भरून झाल्यावर सुरू होतात. जून 2025 मध्ये अमेरिकेने विद्यार्थी व्हिसा मागणाऱ्यांना आपली समाजमाध्यमांवरची खाती सगळ्यांना दिसतील अशी खुली ठेवायला सांगितलं. एका मुलाने मला त्याचं खातं दाखवलं. 2022 च्या ऑगस्टमध्ये जालोर जिल्ह्यातल्या सुराणा गावचा नऊ वर्षांचा इंद्र मेघवाल शिक्षकाच्या मारहाणीनंतर मरण पावला. पाण्याच्या माठाला हात लावला म्हणून मारलं, असा घरच्यांचा आरोप होता. या मुलाने तेव्हा महिनाभर त्यावर लिहिलं होतं. फोटो होते, मोर्चाचे व्हिडिओ होते. एका सल्लागाराने त्याला सांगितलं होतं की खातं धुऊन काढ. त्याने मला विचारलं, "मॅडम, ये सब हटाना पड़ेगा क्या?"

अमेरिकेतला अधिकारी इंद्र मेघवालच्या पोस्टवरून व्हिसा नाकारेल असं मला वाटत नाही. त्या मुलालाही वाटत नव्हतं. त्याची भीती दोन्ही बाजूंची होती. तिकडचा अधिकारी खातं बघणार म्हणून ते खुलं करायचं, आणि खुलं केल्यावर इकडचे सगळे बघणार. पासपोर्टच्या पडताळणीला पोलीस गावात घरी येऊन गेले तेव्हा शेजारच्या राजपूत घरातल्या माणसाला साक्षीला बोलावलं होतं. उद्या त्याच माणसाने ती पोस्ट पाहिली तर? बापाला त्याच गावात राहायचं आहे. मी त्याला काढू नको म्हणाले. त्याने काय केलं ते मी विचारलं नाही. ज्याचं घर गावात आहे त्यालाच तो निर्णय घ्यावा लागतो.

इथे हस्तक कोणी नाही, दूतावास नाही, कोणी धमकीही दिलेली नाही. तरीही एका मुलाचं तोंड विमानात बसायच्या आधीच अर्धं बंद झालं आहे. म्हणून मला वाटतं की आपल्या बाबतीत परदेशी सत्तेची भीती आणि गावच्या सत्तेची भीती या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून पाहता येणार नाहीत. राज्याची यादी आणि जातीची यादी एकमेकींच्या कामी येतात.

शिष्यवृत्तीचा नियमही तेच शिकवतो. 2022 साली केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमावलीत एक अट घातली: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचं सामाजिक संशोधन या विषयांसाठी ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. असे विषय देशातच शिकता येतात, हे कारण दिलं गेलं. वैशाली नगरपासून काही किलोमीटरवर राजस्थान उच्च न्यायालयाच्या आवारात 1989 पासून मनूचा पुतळा उभा आहे. तो हलवायचा की ठेवायचा हा वाद तेव्हापासून कोर्टात आहे. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये औरंगाबादहून आलेल्या कांताबाई अहिरे आणि शीला पवार यांनी त्याला काळं फासलं आणि अटक करून घेतली. जयपूरच्या एखाद्या दलित मुलीला या पुतळ्यावर आणि त्याच्या खटल्यावर लंडनमध्ये संशोधन करायचं असेल तर ही शिष्यवृत्ती तिच्यासाठी नाही. बाबासाहेबांनी 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात 'भारतातील जाती' हा निबंध वाचला तेव्हा ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर होते. आजच्या नियमाने तो विषय बाद झाला असता. परदेशी जाऊन आपल्या देशाबद्दल काय बोलायचं यावरचा लगाम फॉर्मच्या पहिल्या पानावरच बांधलेला आहे.

आता परदेशातल्या जातीच्या सत्तेकडे वळू. कॅलिफोर्नियात 2023 साली आयेशा वहाब यांनी जातीवरच्या भेदभावाला स्पष्ट बंदी घालणारं एसबी 403 हे विधेयक आणलं. ते दोन्ही सभागृहांत संमत झालं. त्या काळात वहाब यांना धमक्या आल्या. ऑक्टोबर 2023 मध्ये राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी ते नाकारलं: आताच्या कायद्यात हे संरक्षण आधीच आहे, असं त्यांचं म्हणणं. दोन वर्षांनी अ‍ॅना काबायेरो यांचं एसबी 509 आलं. सीमापार दडपशाही कशी ओळखायची याचं प्रशिक्षण पोलिसांना द्यावं, एवढीच त्यातली मुख्य मागणी. तेही दोन्ही सभागृहांत संमत झालं, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये न्यूसम यांनी तेही नाकारलं. यावेळी कारण असं की व्याख्या राज्याने करू नये आणि प्रशिक्षण कायद्याशिवायही देता येतं.

दोन्ही विधेयकांच्या विरोधात उभ्या राहिलेल्या संघटनांच्या यादीत हिंदू अमेरिकन फाउंडेशनसारखी नावं सारखीच दिसतात. दोन्ही वेळा युक्तिवादही तोच होता: यामुळे हिंदूंकडे संशयाने पाहिलं जाईल. संशयाची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. तपकिरी कातडीच्या माणसाला अमेरिकेत ती असते, आणि त्यात दलितही आले. पण जातीवरून कोणी छळू नये आणि परक्या सत्तेने कोणाला धमकावू नये, या दोन साध्या वाक्यांनी ज्याला स्वतःवर बोट ठेवल्यासारखं वाटतं त्याने ते का वाटतं याचा विचार करावा. आपल्यासाठी यातला धडा सरळ आहे. ही दोन विधेयकं म्हणजे एकाच संरक्षणाचे दोन भाग होते. पहिला भाग कार्यालयातल्या वरिष्ठापासून वाचवणारा, दुसरा त्या वरिष्ठाच्या मागे उभ्या राहू शकणाऱ्या दूरच्या सत्तेपासून. दलित संघटना पहिल्यासाठी लढल्या, शीख संघटना दुसऱ्यासाठी. पुढच्या वेळी दोघांनी दोन्हींसाठी एकत्र उभं राहावं लागेल.

परदेशी सरकारांच्या भरवशावर राहायचं का, हा प्रश्न इथे विचारायलाच हवा. इतिहास सांगतो की यजमान देश आपल्या सोयीने हात देतो आणि सोयीनेच काढून घेतो. गदर पक्षाच्या लोकांनी ते पाहिलं. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे त्या पक्षाच्या उभारणीतले. इंग्रज सरकार जगभर त्यांच्या मागावर होतं. मेक्सिकोत त्यांनी मक्याच्या आणि गव्हाच्या वाणांवर काम केलं, तिथे त्यांना मान मिळाला, पण उघडपणे मायदेशी परतून नागपुरात राहायला देश स्वतंत्र व्हावा लागला. होशियारपूर जिल्ह्यातल्या मुगोवालचे मंगूराम 1909 मध्ये कॅलिफोर्नियाला गेले, गदरमध्ये शिरले, 1915 मध्ये शस्त्रांच्या जहाजावर निघाले आणि दहा वर्षांनी घरी परतले. पुढच्याच वर्षी त्यांनी पंजाबात आदधर्म चळवळ उभी केली. चामड्याचं काम करणाऱ्या घरातला हा माणूस साम्राज्याशी आणि जातीशी एकाच आयुष्यात लढला. या गदरींवर सॅन फ्रान्सिस्कोत 1917-18 मध्ये खटला चालला आणि अमेरिकन कोर्टाने त्यांना शिक्षा केल्या. इंग्रज गुप्तचरांनी जमवलेल्या माहितीचा त्यात मोठा हात होता. संरक्षण देऊ शकणारा देश तेव्हा परक्या सत्तेच्या कामाला आला.

आजही तसंच आहे. मार्च 2025 मध्ये कोलंबिया विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या रंजनी श्रीनिवासन या भारतीय विद्यार्थिनीचा व्हिसा अमेरिकेने रद्द केला आणि तिला देश सोडून कॅनडात जावं लागलं. पॅलेस्टाइनच्या बाजूने बोलणाऱ्या कित्येक परदेशी विद्यार्थ्यांवर त्या काळात कारवाई झाली. ज्या देशाच्या पोलिसांना परकीय दडपशाही ओळखायला शिकवायचं, तोच देश परकीय विद्यार्थ्याला बोलण्यावरून हाकलतो. तेव्हा 'परकीय हस्तक्षेप' हे शब्द ज्या कायद्यात येतील त्याचं वाचन आपण दोन बाजूंनी करायला हवं: तो कोणाला वाचवतो, आणि उद्या कोणावर वापरला जाईल. भारतात तर हे आपण पाहतोच. परदेशी पैसा, परदेशी कट, परदेशी कान, ही विशेषणं इथे हक्काचं बोलणाऱ्यांना लावली जातात.

आणखी एक आक्षेप ऐकू येतो. व्हिसा देणं न देणं हा प्रत्येक देशाचा अधिकार आहे, त्यात दडपशाही कसली? अधिकार आहे हे खरं. परदेशी नागरिकाला व्हिसा मागायचा हक्क नसतो. पण अधिकार वापरताना कारण देण्याची लाज वाटू नये. स्वीडनमधले प्राध्यापक अशोक स्वाईन यांचं ओसीआय कार्ड 2022 मध्ये रद्द झालं. म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला इथे येण्या-राहण्याची जी कायमची मुभा असते, ती काढून घेतली गेली. त्यांची म्हातारी आई भारतात होती. जुलै 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, कारण त्यात कारणच दिलेलं नव्हतं. त्याच महिन्यात सरकारने नवा आदेश काढला. मार्च 2025 मध्ये कोर्टाने तोही बाजूला सारला. ब्रिटनमधल्या प्राध्यापक निताशा कौल यांना फेब्रुवारी 2024 मध्ये कर्नाटक सरकारने संविधानावरच्या परिषदेला बोलावलं होतं. बंगळुरूच्या विमानतळावरून त्यांना परत पाठवलं गेलं, आणि पुढच्या वर्षी त्यांचं ओसीआय रद्द झालं. संविधानावर बोलायला आलेल्या माणसाला संविधानाच्या देशात शिरू दिलं नाही, याला अधिकार म्हणावं की भीती?

दुसरीकडे आपल्या देशाला हा प्रश्न पीडितांच्या बाजूनेही माहीत आहे. 1959 पासून आपण तिबेटी निर्वासितांना आसरा दिला. ल्हासाच्या बाजूला राहिलेल्या नातेवाइकांवरून चीन त्यांना कसं गप्प करू पाहतो हे ते सांगत आले आहेत. पण चीनचे नेते भारतात येतात तेव्हा निदर्शनं करू पाहणाऱ्या तिबेट्यांना आपलेच पोलीस उचलतात. 2019 मध्ये शी जिनपिंग मामल्लपुरमला येण्याआधी कवी तेनझिन त्सुंदू यांना तामिळनाडूत ताब्यात घेतलं होतं. आपल्या भूमीवरच्या रहिवाशाला परक्या सत्तेपासून वाचवण्याची परीक्षा भारतालाही द्यावी लागते, आणि पाहुणा मोठा असला की आपण नापास होतो.

मग मागायचं काय? परदेशी सरकारांकडे आपल्या लोकांनी तीन गोष्टी मागाव्यात. दडपशाहीच्या व्याख्येत मूळ गावच्या कुटुंबाला दिलेला त्रास धरावा. 2022 चा कॅलिफोर्नियाचा निकाल आणि आपलं कलम 15-अ हे त्याचे नमुने आहेत. धमकी सरकारी माणसानेच दिली पाहिजे अशी अट नसावी. सत्तेच्या जोरावर उड्या मारणारी संघटना किंवा जातभाईंचा गट यांचाही हिशेब व्हावा. आणि तक्रार करणाऱ्याचा व्हिसा तक्रारीमुळे धोक्यात येणार नाही, त्याचं नाव गुप्त राहील, याची लेखी हमी हवी. ज्याचा मुक्काम मालकाच्या किंवा विद्यापीठाच्या कागदावर अवलंबून आहे तो या हमीशिवाय पोलिसांत जाणार नाही.

आपल्या सरकारकडे त्याहून जास्त मागायला हवं, कारण ते आपलं आहे. व्हिसा किंवा ओसीआय नाकारताना लेखी कारण आणि अपिलाची सोय द्या. आजारी आई-बापाला भेटायचं असेल तर यादी बाजूला ठेवा. शिष्यवृत्तीच्या नियमातली 2022 ची अट काढा. आणि परदेशात कोणी जातीविरुद्ध तक्रार केली म्हणून इथे त्याच्या घरच्यांना धमकावलं गेलं तर ते अत्याचार कायद्याच्या चौकटीत आणा. तक्रार साता समुद्रापार झाली म्हणून घर इथलं नाही असं होत नाही.

आपण स्वतःही काही करू शकतो. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक मुलामुलीच्या घरचा पत्ता जवळच्या कार्यकर्त्याकडे असावा, एका वकिलाचा फोन नंबर त्या घरात भिंतीवर लिहिलेला असावा, आणि तिकडे कोणी आवाज काढला की इकडे त्या घरी दोन माणसं चहाला जाऊन बसावीत. पोलीस पाटलापासून सरपंचापर्यंत सगळ्यांना ते दिसू द्यावं. सीमेपलीकडच्या धमकीचा शेवटचा टप्पा नेहमी एखाद्या ओळखीच्या अंगणातच असतो, आणि त्या अंगणात आपण आधी पोचू शकतो.

जय भीम.